तात्यांच्या रिळाचा क्लच

मारुतीतात्यांनी तिन्ही काठ्या काउंटरवर आडव्या ठेवल्या. डाव्या हाताने. उजवा हात पँटच्या खिशात होता.

“आक्का, ह्या इकून टाक,” ते म्हणाले. “रिळांसकट.”

माझं दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीत आहे. मासेमारीच्या काठ्या, रिळं, गळ, दोऱ्या आणि या सगळ्याची दुरुस्ती. बोर्डावर मात्र अजून ‘वॉच रिपेअर’ आहे. तो अब्बांच्या वेळचा बोर्ड, मी काढलेला नाही. लोकांनी घड्याळं घालणं कमी केलं, आणि एक दिवस कुणीतरी बंद पडलेलं रीळ माझ्यासमोर ठेवलं. उघडून बघितलं तर आत घड्याळाचेच भाऊबंद. तेव्हापासून हाच धंदा. एक गोष्ट मात्र मी गिऱ्हाइकांना सहसा सांगत नाही. मी स्वतः मासे धरत नाही आणि खातही नाही. मला तो वासच सोसत नाही. रीळ दुरुस्त करायला पाण्यावर जावं लागत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

तात्या जुने गिऱ्हाईक. एसटीत ड्रायव्हर होते, गाव शिरोळकडचं. रिटायर झाल्यावर दर रविवारी गावी जायचे आणि मरळ धरायचे. मरळ म्हणजे आपल्याकडचा दांडगा मासा. गवतात, चिखलात लपून बसते आणि वरून काही हललं की बंदुकीतून सुटल्यासारखी येते. सहा महिन्यांपूर्वी तात्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं बरंचसं सुधारलं. उजवा हात खांद्यातून, कोपरातून हलत होता, पण बोटं घट्ट मिटत नव्हती. आता ते लेकीकडे, सुनंदाकडे राहत होते. सुनंदा आमच्याच भागात गणिताचा क्लास घेते.

ती तात्यांच्या मागेच उभी होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती. घेऊ नका म्हणून.

मी मधली काठी उचलली. तिच्या मुठीवरचं बूच अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालं होतं. अशी काठी माणूस सहज विकत नाही.

“कशाला विकताय?” मी विचारलं.

“मग काय करू? कपडे वाळत घालू तिच्यावर?”

“डाव्या हाताने जमेल तात्या. मी सेटिंग बदलून देते.”

“आक्का, चार महिनं झालं, ही पोरगी मला चेंडू दाबाय लावत्या. सकाळी चेंडू, दुपारी चेंडू. आता तू नवीन काय काढू नगंस.”

नंतर सुनंदाने मला सांगितलं की तात्या महिनाभर घराबाहेर पडले नव्हते, आणि त्या दिवशी पडले ते काठ्या विकायला.

शेवटी मी म्हणाले, “एक आठवडा द्या. रविवारी जाऊन बघा. नाही जमलं तर मी तिन्ही घेते.”

तात्यांनी थोडा वेळ काठ्यांकडे बघितलं. “एक मरळ काठाला आली पायजे. न्हाय आली तर ह्या इकाय तुज्या दुकानाच्या भितीवर. मग मला परत इचारायचं न्हाय, तू बी आणि हिनं बी.”

असा सौदा ठरला.

मधली काठी कामाला घेतली, बाकीच्या दोन आत ठेवल्या. आता थोडं कामाचं सांगते. काठीला दोन हात लागतात. एक काठी धरतो, दुसरा रिळाचं हँडल फिरवून दोरी गुंडाळतो. तात्या उजव्या हाताने काठी धरायचे आणि डाव्याने फिरवायचे. मी विचार केला तो असा: काठी धरायला जोर लागतो, तेव्हा ती चांगल्या, डाव्या हातात द्यायची. फिरवायला जोर लागत नाही, तेव्हा ते उजव्याकडे. अशा रिळाचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं, पाच मिनिटांचं काम. शिवाय हँडलच्या टोकाला मी लाकडी गोळा बसवला, लिंबाएवढा. बोटं मिटली नाहीत तरी तळव्याने ढकलून फिरावा म्हणून. गोळा फारच गुळगुळीत झाला होता. माझी मीच खूश.

मग राहिला ड्रॅग. ड्रॅग म्हणजे रिळाच्या आतला घसरता ब्रेक. मासा जोरात ओढायला लागला की दोरी तुटू नये म्हणून ड्रॅग घसरतो आणि दोरी थोडी सुटते. घट्ट केला की कमी घसरतो, ढिला केला की लगेच घसरतो. मी तो दोरीला ताणकाटा लावून मोजते आणि बसवते.

सुनंदा संध्याकाळी क्लास सुटल्यावर एकटीच आली. “आक्का, ते ढिलंच ठेवा हं. झटका बसला आणि ते तोल जाऊन पाण्यात पडले तर मी काय करू?”

मलाही ते पटलं. आजारी माणूस, हात लुळा. मी ड्रॅग ढिला ठेवला.

शनिवारी तात्या ती काठी न्यायला आले. डाव्या हातात दोरीचं टोक घेऊन त्यांनी ओढलं. रीळ घर्रर करत दोरी सोडायला लागलं.

“क्लच सुटतोय की ह्येचा,” तात्या म्हणाले.

“सध्या असाच असू द्या. सवय झाली की घट्ट करू.”

“भरलेली गाडी चढाला लावली तर जागंवरच घुमंल, आक्का.”

“तात्या, मी काट्यावर मोजलंय.”

“बरं,” ते म्हणाले. ते इतक्या लवकर गप्प बसणारे नव्हेत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

सोमवारी काठी परत काउंटरवर.

“दोन मरळी लागल्या,” तात्या म्हणाले. “दोन्ही गेल्या. घे, लाव तिन्ही भितीला.” आणि बाहेर जाऊन सुनंदाच्या गाडीत बसले. दुकानात बसले सुद्धा नाहीत. एरवी चहा घेतल्याशिवाय हलायचे नाहीत.

मला वाईट वाटलं. रागही आला, तो मात्र तात्यांवर. एवढं सगळं करून दिलं, माणसाने दोन रविवार तरी धीर धरावा. मी सुनंदाला विचारलं, “मासे गेले म्हणजे कसे गेले?”

“मला काय कळतंय त्यातलं? लागले आणि केंदाळात गेले. मग दोरीच हलेना.”

केंदाळ म्हणजे जलपर्णी. पाण्यावर हिरवी सतरंजी आणि खाली मुळांचा गुंता.

मी बाहेर गेले आणि गाडीच्या काचेवर टकटक केली. “तात्या, माझं काम मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काठ्या विकत घेणार नाही. या रविवारी मी येते.”

“तू? पाण्यावर?” तात्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. “वासानं चक्कर यील तुला.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. बहुतेक सगळ्याच गिऱ्हाइकांना माहीत असावं.

रविवारी सकाळी उजाडताना निघालो. तात्यांच्या चुलतभावाच्या शेतात जुन्या वीटभट्टीचा खड्डा आहे. माती काढून काढून खोल झालेला. कृष्णेचा पूर आला की खड्डा भरतो. पूर ओसरतो, पाणी तिथेच राहतं, आणि पाण्याबरोबर आलेल्या मरळीही राहतात. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला बांध. निम्म्याहून जास्त पाणी केंदाळाने झाकलेलं. वास होताच. मी नाकाला ओढणी लावून बांधावर बसले.

दोरीच्या टोकाला रबरी बेडूक होता. हा आतून पोकळ असतो. त्याचे दोन गळ त्याच्याच पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो केंदाळावरून सरकत येतो आणि अडकत नाही. मरळीने तोंडात धरला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. पण लगेच ओढलं तर बेडूक तिच्या तोंडातून नुसता निसटतो. तिला तो नीट तोंडात घेऊ द्यावा लागतो. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. पाणी उसळलं की घाबरून झटका मारतो.

तात्यांनी डाव्या हाताने काठी फिरवून बेडूक टाकला. फेक जरा वाकडी, पण गेली. ते बेडूक हळूहळू आणत होते. थांबवायचे, हलवायचे, परत थांबवायचे. अर्धा तास काहीच झालं नाही. मग धप्प आवाज झाला आणि केंदाळात भोक पडलं.

तात्या हलले नाहीत. ओठांतल्या ओठांत म्हणाले, “टण... टण.” आणि मग काठी मागे घेतली.

सुनंदा माझ्या कानात म्हणाली, “डबल बेल. कंडक्टरनं दोनदा घंटी मारल्याशिवाय गाडी हलवत नाहीत ते. घरात मला शिडीवर चढवलं तरी टण टण म्हणतात.”

काठी वाकली. मासा लागला होता. आणि इथे मी पहिल्यांदाच माझं काम पाण्यावर चालताना बघितलं.

डावा हात काठी धरून दगडासारखा स्थिर होता. त्याला काही करायचंच नव्हतं. उजवा हात मात्र लाकडी गोळा ढकलत होता, ढकलत होता, आणि गोळा अर्धा फिरून मागे येत होता. रीळ घर्रर करत दोरी सोडत होतं. मरळीला दहा हात पळायचीही गरज पडली नाही. चार-पाच हात गेली, मुळांत घुसली, आणि दोरी खांबाला बांधल्यासारखी ताठ झाली. तात्यांनी थोडा वेळ ओढलं. मग दोरी अचानक सैल झाली.

तात्या बेडकावरचं केंदाळ एका हाताने काढत बसले. ते मला काही लावून बोलले असते तर बरं झालं असतं.

मी चुकले होते. साधी गोष्ट होती. नदीच्या मोकळ्या पाण्यात मासा पळाला तर पळू द्यावा, दमतो. केंदाळात त्याला पळूच द्यायचं नसतं. लागला की त्या क्षणाला भराभरा गुंडाळून वर काढायचा. म्हणजे इथे खरा जोराचा हात फिरवणारा. आणि तो मी लुळ्या हाताला दिला होता. वर ड्रॅग ढिला. तात्यांनी दुकानात मला हेच सांगितलं होतं, त्यांच्या भाषेत. चढ आहे, क्लच सुटतोय. चढ कुठला, हे मी विचारलंच नाही.

अब्बा कुठलंही घड्याळ उघडण्याआधी विचारायचे, “काम काय करता?” फाउंड्रीतल्या माणसाच्या घड्याळात धूळ असायची, हलवायाच्या घड्याळात वाफ. घड्याळ तेच, बिघाड वेगळा. मी इतकी वर्षं त्यांच्याच स्टुलावर बसते, आणि तात्यांचा फक्त हात बघितला. त्या हाताची दया आली, आणि दयेने सेटिंग केलं. बांधावर बसून मला स्वतःची लाज वाटली.

“तात्या, चूक माझी आहे,” मी म्हणाले.

“व्हय,” तात्या म्हणाले.

“आणखी एक रविवार द्या.”

“एक डाव म्हनलं हुतं. दोन झालं.”

“हा माझा डाव आहे. तुमचा नाही.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “नाकावरचं फडकं काढ, मग बोल. काय बोलत्यास त्ये कळंना.”

मी काढलं. वास आला. परत तेच सांगितलं. ते हसले, आणि तो होकार होता.

त्या आठवड्यात मी सगळं उलटं केलं. हँडल परत डाव्या बाजूला, जिथे पहिल्यापासून होतं. लाकडी गोळा काढून टाकला. काढताना जिवावर आलं, पण काढला. काठी उजव्या हाताला. मिटत नाही तो हात काठी धरणार कसा? तो धरणार नाही, त्याला बांधायची. आमच्या मागच्या गल्लीत चपला शिवणारे एक कारागीर आहेत. त्यांना काठी दाखवली आणि तात्यांना नेऊन हाताचं माप दिलं. त्यांनी जाड चामड्याचा एक पट्टा करून दिला. मनगटापासून कोपराच्या अलीकडे येणारा. काठीचा मागचा दांडा त्या पट्ट्याला लागून बसतो. म्हणजे मासा ओढतो तेव्हा जोर बोटांवर येत नाही. कोपर, खांदा आणि कंबर तो घेतात, आणि तात्यांची ही तिन्ही धड होती.

सुनंदाने पट्टा बघून पहिला प्रश्न विचारला, “आणि मासा यांनाच घेऊन गेला तर?”

“पट्ट्याच्या वादीचं टोक डाव्या हाताने ओढलं की सगळं सुटतं,” मी म्हणाले. तिने तात्यांकडून वीस वेळा ओढवून घेतलं. गणिताच्या बाई आहेत, एका उदाहरणावर विश्वास ठेवत नाहीत.

झटका मारण्याचाही प्रश्न होता. लुळ्या हाताने काठी झटकन मागे घेता येत नाही. त्यावर तोड तात्यांनीच काढली. दोरी ताणायची आणि सगळं अंगच डावीकडे वळवायचं, मोठं स्टिअरिंग फिरवताना वळतं तसं. दुकानात त्यांनी करून दाखवलं आणि माझ्या रॅकवरचे गळांचे चार डबे खाली पाडले.

राहिला ड्रॅग. मी ताणकाटा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि रीळ त्यांच्यासमोर धरलं. “तुम्ही सांगा.”

तात्यांनी दोरी ओढली. “आवळ.”

आवळला.

“आनखी.”

परत आवळला.

“अजून अर्धा वेढा. आता हां. आता चढंल.”

सुनंदा बघत होती. तिचा चेहरा उतरला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा तो खड्डा. या वेळी मी ओढणी गळ्यातच ठेवली. फेकायला थोडा वेळ गेला. आता फेकतानाही डावा हात दोरी बोटाने धरून मदत करायचा, आणि बेडूक गेला की तोच हात हँडलवर यायचा. तात्यांनी पहिले आठ-दहा बेडूक उसात टाकले.

मग बांधाच्या अगदी जवळ, मोकळ्या पाण्यात, मला लालसर ठिपक्यांचा एक पुंजका दिसला. पाणी तिथे उकळी आल्यासारखं हलत होतं.

“ती मरळीची पिल्लं,” सुनंदा म्हणाली. लहानपणापासून बघितलेली होती. “आई खालीच असते. काहीही टाकलं तरी धावून येते.”

माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मला वाटलं, झालं. केंदाळ नाही, मासा दहा पावलांवर, चिडलेला. एकदा बेडूक टाकला की काम फत्ते. काठ्या वाचल्या. मी म्हणाले, “तात्या, तिथे.”

“दिसलंय मला. पिल्लांवरची मरळ धरत न्हाईत.”

“एवढी एक वेळ? धरून लगेच सोडून द्या.”

“ती काठाला यीस्तवर चिलापी मासं येऊन पिल्लं साफ करत्यात, आक्का.” तात्यांचा आवाज चढला नाही. “हात गेलाय. बाकीचं हाय अजून.”

ते वळले आणि केंदाळाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागले. मी त्यांच्या मागे गेले. एकाच माणसावर मी दुसऱ्यांदा दया करायला निघाले होते.

तिकडे बराच वेळ गेला. ऊन वर आलं. सुनंदाने दोनदा घड्याळ बघितलं, तिचा दुपारचा क्लास होता. तात्यांचा उजवा खांदा थकल्याचं मला दिसत होतं. प्रत्येक फेकीनंतर तो थोडा खाली यायचा. मी मनातल्या मनात तीन काठ्यांना भिंतीवर जागा शोधायला लागले होते.

धप्प.

तात्या थांबले. सुनंदाही थांबली.

“टण,” तात्या म्हणाले. “टण.”

आणि सगळं अंग डावीकडे वळवलं. काठी वाकली, पट्टा कोपराशी दाबला गेला, आणि रीळ आवाज न करता उभं राहिलं. घर्रर नाही. दोरी एक वीतही सुटली नाही. डावा हात असा फिरायला लागला की मला हँडल दिसेना. केंदाळाचा एक अख्खा गठ्ठाच बांधाकडे यायला लागला. मुळं, पानं आणि मधे काळं, जाड काहीतरी उसळ्या मारणारं. तात्या एक पाऊल पुढे ओढले गेले. सुनंदाने दोन्ही हात त्यांच्या कमरेपाशी नेले, पण लावले नाहीत. मला तेव्हा त्या मुलीचं फार कौतुक वाटलं.

मरळ बांधावर आली. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. तात्यांनी वादी ओढून पट्टा सोडला, खाली बसले आणि डाव्या हाताने तिला मानेखाली दाबून धरलं. मग उजवा हात पुढे केला आणि तिच्या पाठीवर ठेवला. बोटं मिटली नाहीत. नुसता ठेवला. ते रडत होते. ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही, आणि आम्हीही दुसरीकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, “सुनंदे, मसाला हाय का घरात?”

मासा सुनंदाच्या गाडीतून कोल्हापूरला आला, माझ्या पायाशी, पिशवीत. तो सगळा रस्ता मी काच उघडी ठेवून तोंड बाहेर काढून बसले होते. या धंद्यात एवढं तरी सोसावं लागतं, हे मला उशिरा कळलं.

मंगळवारी तात्या दुकानात आले. रिक्षाने, एकटे. बाकीच्या दोन काठ्या पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होत्या.

“इकल्यास?” त्यांनी विचारलं.

“गिऱ्हाईक आलं नाही.”

“भितीवर लावल्याच न्हाईस, तर गिऱ्हाईक कुठनं यील?”

मी आतून काठ्या आणून दिल्या. त्यातल्या एकीच्या रिळात मी नवीन दोरी भरून ठेवली होती. तात्यांनी ती काठी बगलेत धरली, दोरीचं टोक डाव्या हातात घेतलं आणि ओढलं. रीळ जरासं घरघरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी ताणकाट्याला हात लावला नाही. “कुठल्या पाण्यावर जाणार आहे ही?” मी विचारलं.

“त्याच.”

मी ड्रॅगची चकती अर्धा वेढा आवळली आणि मग चहा सांगितला.